जांभळ्या बुडाची रोपं

बांबूच्या चार काठ्या सुतळीने बांधून केलेली चौकट. एक मीटर लांब, तेवढीच रुंद. भातकेंद्रातल्या बाई बांधावर शेताकडे पाठ करून उभ्या राहतात, डोळे मिटतात आणि ती चौकट डोक्यावरून मागे भिरकावतात. जिथं पडेल तिथली चुडं मोजायची. दोन-तीन रोपं एकत्र खोचली की त्याचं एक चूड होतं, आणि एका चौकटीत साधारण पंचवीस चुडं येतात. किती जगली, किती मेली ते वहीत लिहायचं. असं पाच वेळा. म्हणजे कुणी म्हणायला नको की बाईंनी बरी जागा हेरून मोजलं.

शेताकडे पाठ करून शेत बघणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं होतं. पण त्या सकाळी मी नुसती चौकटीकडे बघत होते. बावीस दिवस झाले, पावसाचा थेंब नव्हता. आमच्या गटातल्या अकरा घरांची माणसं बांधावर उभी होती. आणि त्या वाफ्यात काय मेलंय आणि का मेलंय, हे सगळ्यांत फक्त मला ठाऊक होतं.

आमच्याकडे कालवा नाही. विहिरीत पाणी आहे ते पिण्यापुरतं. भात येतं ते वरून पडेल त्याच्यावर, आणि मागची दोन वर्षं पावसाने नेमकी लोंब्या बाहेर पडायच्या वेळी दडी मारली. दोन्ही वर्षं आम्ही पळिंजं कापली. नुसती टरफलं, आत दाणा नाही. दुसऱ्या वर्षी माझी सून उठली आणि चार वेळा बसने भातकेंद्रावर जाऊन आली. चौथ्या खेपेला तिच्या हातात नव्या बियाण्याची दोन किलोची पिशवी होती.

"तीन आठवडे पाऊस नसला तरी हे तग धरतं, आई. आणि आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी तयार होतं."

"आणि चव?"

"आधी ताटात तर येऊ द्या."

उलट उत्तर द्यायला ती माझ्याकडूनच शिकली, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

अकरा घरांनी मिळून ठरवलं, की आमच्या मधल्या वाफ्यात ते लावायचं. दहात एकाहून जास्त चुडं मेली नाहीत, तर सगळा वाफा बियाण्याला राखायचा आणि पुढच्या वर्षी अकरा घरांत वाटायचा. जास्त मेली, तर जे येईल ते गिरणीत नेऊन खाऊन टाकायचं, आणि केंद्राचं बियाणं दुसऱ्या कुठल्यातरी गटाला जायचं. पुन्हा आमच्या वाट्याला कधी, ते बाईंनाही सांगता येईना. म्हणजे पुढच्या वर्षीही आमच्या सगळ्यांच्या हातात तेच जुनं भात, आणि डोळे आभाळाला.

लावणी झाली आणि सहाव्या दिवशी खेकडे लागले. मेल्यांनी एका रात्रीत रोपं बुडातून कातरली. वाफ्यात जिकडेतिकडे नांग्या पडल्या, म्हणजे रिकाम्या जागा; चूड होतं तिथं नुसता चिखल उरला. बाईंनी आधीच बजावलं होतं, "रोपं गेली तर जाऊ द्या. रिकामी जागा रिकामीच ठेवा. त्यात दुसरं काही खोचू नका." सुनेनेही तेच सांगितलं आणि ती दोन दिवस केंद्रावर शिकायला गेली.

त्याच दुपारी माझे चुलत दीर बांधावरून चालले होते. गिरणी चालवतात, त्यामुळे दुसऱ्याच्या भाताबद्दल बोलायचा हक्क आपल्यालाच आहे असं त्यांना वाटतं.

"वहिनी, शेताला टक्कल पडलं की हो!"

"तुमच्या डोक्याचं वारं लागलं असेल, भावजी."

ते हसत गेले. मी मात्र तिथंच उभी राहिले. चाळीस वर्षं लावणी करतेय. माझ्या हातच्या ओळीत आजवर कुणाला बोटभर जागा रिकामी दिसली नाही. दुसऱ्यांच्या लावणीला मला बोलावणं यायचं ते उगाच नाही. आणि वरच्या शेतात लावून उरलेली माझ्या जुन्या भाताची रोपं बांधाला पडून होती, ताजी, हिरवीगार. नांगी दिसली की भरायची, हे माझ्या हाताला कुणी शिकवलेलं नाही. तो आपोआप जातो.

तीन पाट्या रोपं मी संध्याकाळपर्यंत खोचली. आमच्या जुन्या भाताचं बूड जांभळं असतं, बोटभर. नव्याचं हिरवं. म्हणून मी जरा खोल खोचली, जांभळं चिखलात जाईल इतकी. इथं माझी चूक झाली असं मी म्हणत नाही. खोल खोचताना मला कळत होतं की मी काय लपवतेय, म्हणून ती चूक नव्हतीच.

सून परत आली, वाफा बघितला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आई, हे कसं?"

"जिथं तीन-तीन रोपांचं चूड होतं तिथलं एकेक उपटलं आणि नांगीत लावलं. नवीनच रोपं आहेत तुझी."

तसं करतातही लोक, नाही असं नाही. तिने माझे हात धरले. पुढच्या आठवड्यात बाई आल्या तेव्हा तिने अकरा घरांसमोर सांगितलं, "आमच्या आईंनी केलं. मला सुचलंही नसतं." बाईंनी वहीत लिहून घेतलं. मी मान वर करून उभी होते. गिरणीवाल्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आता सांगते, तेव्हाच बोलले असते तर पाच मिनिटांची बेअब्रू होती.

मग लोंबीच्या तोंडावर पाऊस गेला.

पहिले दहा दिवस काही कळलं नाही. नवं भात दुपारी पानं सुतळीसारखी गुंडाळून घ्यायचं आणि संध्याकाळी पुन्हा उघडायचं. मी हसले होते त्याला, "ऊन लागतंय म्हणून छत्री मिटतंय." पण ते जगलं. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या तरी त्याच्या लोंब्या बाहेर पडल्या आणि दाण्यात दूध भरलं. आणि मधेमधे, एकेक करून, माझी चुडं वाळायला लागली. त्यांची लोंबी अजून पोटातच होती. आधी पानांची टोकं, मग सगळं पान, मग बूड. हिरव्यात पिवळे डाग दिसायला लागले. फक्त खालच्या कोपऱ्यात, जिथं ओल टिकते, तिथली माझी चुडं नव्याहून उंच आणि दाट उभी होती.

सुनेला काही समजेना. ती रोज दुपारी बांधावर बसून राहायची. मोजणीच्या आदल्या दिवशी मी गुपचूप जाऊन मेलेली तेवढी उपटून टाकायच्या बेतात होते. गेले तर ही तिथं. माझ्या हातातलं खुरपं बघून म्हणाली, "कशाला आलात उन्हात?"

"बांधाचं गवत काढायला."

बांधावर गवताची काडी उरली नव्हती.

आता चौकट. पहिली पडली वरच्या अंगाला. पंचवीसात दोन मेलेली. दुसरी बांधाजवळ, एकही नाही. तिसऱ्यात चार.

"सहा," बाई म्हणाल्या. "पाच चौकटींत मिळून बारापर्यंत चालतील."

सुनेने ओठ दाताखाली धरले होते. चौथी वेळ. बाई वळल्या, डोळे मिटले. चौकट वर गेली, उन्हात गिरकी घेतली, आणि मी बघत होते ती कुठं उतरतेय. वाफ्याच्या मध्यावर. खेकड्यांनी जिथं सगळ्यात जास्त खाल्लं होतं, आणि मी सगळ्यात दाट भरलं होतं, तिथं.

बाई वाकून मोजत होत्या. मला मोजायची गरज नव्हती.

"नऊ."

मग माझे दीर खाकरले. "पंधरा झाली. आता पाचवी टाका नाहीतर टाकू नका."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "एका चुडाची लोंबी भरलीय आणि शेजारचं पार वाळलंय. एकाच मातीत असं होत नाही. कीड असेल."

"कीड कसली? बियाणंच फसवं. नाहीतर रोपं कच्ची." दीर सुनेकडे वळले. "पोरी, तुला वाईट वाटेल, पण रोपवाटिका तूच केली होतीस ना? पाणी तूच देत होतीस?"

"हो," सून म्हणाली.

"मग?"

तिचा आवाज अगदी बारीक झाला. "चौथ्या दिवशी मी पाणी कमी दिलं होतं. विहीर खाली गेली होती म्हणून. त्याने असेल. माझंच चुकलं असेल."

पिशवी आणणारी ती, चार खेपा घालणारी ती, अकरा घरांना पटवणारी ती. आणि आता ती सगळ्यांसमोर नसलेली चूक शोधून स्वतःच्या पदरात घालत होती. मी अजून दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहिले असते तर तिचं तिलाच ते खरं वाटलं असतं.

"ती रोपं पिशवीतली नव्हेत," मी म्हणाले. "माझी आहेत. जुनी. नांग्यांत मी खोचली."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. आणि दीर काय म्हणाले?

"वहिनी, सुनेची बाजू घ्यायला काहीही सांगू नका. असं रेटून बोलायचं वय राहिलं नाही आता."

बघा, चाळीस वर्षांत मी इतक्या थापा मारल्या आणि सगळ्या खपल्या. एकदा खरं बोलले तर माणसं हसतात. बांधाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सासू असावी तर अशी." सूनही माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तेच मला सोसवलं नाही.

मी वाफ्यात उतरले. चौकटीतलं एक वाळकं चूड धरलं, खुरप्याने बुडाशी खणलं. जमीन विटेसारखी झाली होती. तीन घाव घालावे लागले. वर आणलं ते मातीचं ढेकूळ.

"पाणी आणा."

"प्यायचंच आहे," कुणीतरी म्हणालं.

"मग प्यायचंच आणा!"

बाईंनी स्वतःची बाटली दिली. मी ते ढेकूळ धुतलं. माती गेली, आणि बुडाशी, बोटभर, जांभळं. वाळलेलं, काळपट, पण जांभळं. मग शेजारचं जिवंत चूड खणलं, तेही धुतलं. हिरवं. दोन्ही हातांत दोन धरून मी दिरांच्या नाकासमोर नेली.

"गिरणीत रोज भात बघता ना, भावजी? ओळखा."

त्यांनी काही ओळखलं नाही. पण बाईंनी माझ्या हातातून जांभळं घेतलं, बराच वेळ फिरवून बघितलं, मग वही उघडली आणि मागच्या पानावरची एक ओळ आडवी खोडली. ती ओळ माझ्या कौतुकाची होती, हे मला न वाचताही कळलं.

"किती लावली होती, आजी?"

मला आजी म्हटलेलं आवडत नाही. पण तो दिवस तक्रारीचा नव्हता. "असतील शंभर-दोनशे."

"आई," सून म्हणाली. मी कबूल केल्यापासून पहिल्यांदाच बोलली ती.

"तीन पाट्या," मी म्हणाले.

"म्हणजे हजाराच्या वर." तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. "एका पाटीत किती बसतात ते मला माहीत आहे."

चारही चौकटींतली पंधरा मेलेली चुडं बाईंनी खणून धुवायला लावली. चौदा जांभळी निघाली, एक हिरवं.

"म्हणजे नवंही मरतं!" दीर म्हणाले.

"मरतं की," बाई म्हणाल्या. "शंभरात एक. तुमचं जुनं किती मेलंय ते समोर दिसतंय." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "पण असं मिसळलेलं मला बियाण्याला देता येणार नाही. पुढच्या वर्षी प्रत्येक घरात हेच मिश्रण जाईल, आणि लोक म्हणतील केंद्राने फसवलं. परवा याच वेळी येते. एकूण एक जुनं चूड निघालेलं हवं. मेलेलं, जिवंत, सगळं. एक जरी दिसलं तर वाफा गिरणीत."

"खालच्या कोपऱ्यातली हिरवी पण?" मी विचारलं.

"ती आधी."

घरी जाईपर्यंत सून माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. दारात थांबली. मला वाटलं रडेल. ती रडली असती तर मी तिची समजूत घातली असती, त्यात मी हरत नाही.

"आठ दिवस," ती म्हणाली, "मी मनात एकेक दिवस काढून बघतेय की पाणी कुठं कमी दिलं. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होतात."

"जेवत नव्हते. घास गिळत होते."

"ताट तर रोज रिकामं व्हायचं."

तिने दोन खुरपी घेतली, एक माझ्या पायाशी टाकलं आणि परत शेताकडे निघाली.

मेलेली चुडं काढणं सोपं. दिसतात, आणि त्यांच्याबद्दल काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही मधला भाग संपवला. ती बोलत नव्हती. मी काढत पुढे जायची, ती मागून माती चाचपत यायची. दर थोड्या वेळाने माझ्या बाजूला एक चूड येऊन पडायचं, जांभळ्या बुडाचं.

"राहिलं."

एवढाच शब्द. दिवसभरात तो मी तेवीस वेळा ऐकला. माझी नजर अधू झालीय हे मला त्या दिवशी कळलं, आणि तिलाही.

मग खालचा कोपरा. तिथली माझी चुडं कमरेएवढी होती. पानं रुंद, गर्द हिरवी, खोडं पोटुशी बाईसारखी फुगलेली. चार दिवसांत लोंबी बाहेर पडणार. त्यांच्या शेजारी नवं भात बुटकं, पानांच्या कडा करपलेल्या, लोंब्या आखूड. कुणीही बघणाऱ्याने म्हटलं असतं, उपटायचं तर ते उपटा. या घरात आल्यापासून मी हेच भात राखलंय. दर वर्षी सगळ्यात जाड लोंबी निवडून बियाण्याला ठेवायची मी. आणि सगळ्यात जाड लोंबी नेहमी ओलीतच सापडायची, हे मला त्या कोपऱ्यात उभं राहिल्यावर सुचलं. चाळीस वर्षं मी पाणी पिणारंच निवडत आले होते.

एका चुडाला हात घातला. ओढलं नाही.

"मी काढू?" सून मागून म्हणाली. प्रेमाने नव्हे. उशीर होत होता म्हणून.

"माझी आहेत. मीच काढते."

जिवंत मूळ सुटताना आवाज येतो, कापड फाटल्यासारखा. पहिल्या चुडाचं पोट मी नखाने चिरून बघितलं. आत पांढरी, मऊ, कोवळी लोंबी होती. मग पुन्हा कुठल्याच चुडाचं पोट बघितलं नाही. अंधार पडायच्या आत कोपरा संपला. बांधावर हिरव्या भाताचा ढीग लागला, गुरांना चार दिवस पुरेल एवढा.

तिसऱ्या दिवशी अकरा घरं पुन्हा बांधावर. पाऊस नाहीच. बाई आधी वाफ्यात शिरल्या आणि ओळीओळीने, बुडं चाचपत, इकडून तिकडे गेल्या. अर्धा तास. दोन ठिकाणी त्या वाकल्या आणि थांबल्या. दोन्ही वेळा त्या उठून पुढे गेल्या.

"चौकट," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

पहिली, एक मेलेलं. दुसरी, काही नाही. तिसरी, काही नाही. चौथी, एक. पाचव्या वेळी त्यांनी चौकट माझ्यापुढे धरली. "तुम्ही टाका. म्हणजे कुणाला शंका नको."

मी शेताकडे पाठ केली. डोळे मिटले. इतकी वर्षं ज्या वाफ्यात मी पाऊल न बघता टाकलं नाही, त्यात मी चौकट न बघता भिरकावली. मागे पानांचा सर्र आवाज झाला, मग बाईंची पावलं, मग काहीच नाही. डोळे उघडायचा मला धीर होईना.

"अठरा चुडं," बाई म्हणाल्या. "अठराही जिवंत. वाफा बियाण्याला."

अकरा घरं एकदम बोलायला लागली. मी वळून बघितलं. हजाराहून जास्त जागा रिकाम्या, मधे तर नुसती भेगाळलेली जमीन. माझ्या हातची लावणी अशी कधी कुणी पाहिली नव्हती.

दीर शेजारी येऊन उभे राहिले. "पडलंच की वहिनी, टक्कल."

"पडू दे," मी म्हणाले. "मोजा आता एकेक केस. पुढच्या वर्षी तुमच्याही शेतात लावायचेत."

सून बाईंबरोबर कापणीनंतर बियाण्याच्या गोणीला लावायची चिठ्ठी लिहीत होती. नाव, वाफा, तारीख. लिहून झाल्यावर तिने चिठ्ठी मला वाचून दाखवली. अजून डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. शेवटी एक ओळ होती: जुनी चुडं सासू आणि सून यांनी हाताने काढली.

"एवढंच?" मी म्हणाले. "लावली कुणी ते नाही लिहिलंस?"

तिने पेन पुन्हा उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. "लिहू?"

मी बांधावरच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"लिही," मी म्हणाले.